अप्पांनी आणलेला सायलेन्सर

आमच्या घरात हळू बोलणं कुणालाच जमत नव्हतं. भवानी पेठेत रस्त्याला लागून राहतं घर, पाठीला यंत्रमागांचं शेड आणि मध्ये शहाबादी फरशीचं अंगण. सकाळी माग सुरू झाले की भिंतीवरच्या तसबिरींच्या काचा थरथरायच्या, तांब्यातल्या पाण्यावर वर्तुळं उठायची, आणि चहा झाला का एवढं विचारायलाही घसा ताणायला लागायचा. शाळेत बाई म्हणायच्या, "गिरिजा, वर्गात आहेस, बाजारात नाहीस." लग्न होऊन पुण्याला गेले तेव्हा पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी बाजूला घेऊन विचारलं, "तू आमच्यावर रागावलीस का गं?" मी फक्त दूधवाला आलाय असं सांगितलं होतं. आजही फोनवर माझा आवाज ऐकला की माझी मुलगी फोन कानापासून लांब धरते.

या गलक्यात अप्पा, म्हणजे माझे वडील, तेवढे शांत. पोरवयापासून ते मागावर उभे राहिलेले. पुढे स्वतःचे माग झाले तरी शेडमधून त्यांचा पाय निघाला नाही. टॉवेल आणि चादरी विणायच्या, गठ्ठे बांधायचे, गाडीत घालून अक्कलकोटच्या दुकानदारांना पोचवायचे, असा त्यांचा आठवडा. काहीही सांगितलं तरी त्यांचं उत्तर एकच, "बरं." अव्वा, म्हणजे माझी आई, भांडली तरी बरं, महेशदादा पुन्हा नापास झाला तरी बरं. पेठेतली माणसं म्हणायची, अप्पा म्हणजे देवमाणूस, कधी वर आवाज नाही की उलट शब्द नाही. अव्वाला मात्र या देवमाणसाचा जाच होता. तिचं माहेर अक्कलकोटचं, घरात कन्नड बोलणारं. आवाज बारीक आणि चढा, "री", म्हणजे अहो, अशी हाक मारायची ती शेवटाला शिट्टीसारखी वर जायची. "गिऱ्हाइकाचं ऐकतेत, कामगारांचं ऐकतेत, माझंच तेवढं कानाआड करतेत," असं ती भाकरी थापता थापता म्हणायची आणि 'कानाआड'ला भाकरीवर जोरात थाप पडायची. आम्हाला ते इतकं सवयीचं झालं होतं की त्या तक्रारीकडे कुणी तक्रार म्हणून बघतच नव्हतं.

माझं आणि अप्पांचं एक वेगळं होतं. माग सुरू व्हायच्या आधी ते ओट्यावर बसायचे, मी समोर बसून पेपर वाचून दाखवायची. मी चौथीत असताना वाचन सुधारावं म्हणून सुरू झालेलं ते कॉलेजात गेले तरी चालू होतं. अप्पा माझ्याकडे बघत ऐकायचे, मधूनच मान हलवायचे, संपलं की म्हणायचे, "बरं." ती सकाळची वेळ, निवलेला चहा, समोर अप्पांचा लक्ष देऊन बघणारा चेहरा, त्या घरातली माझी सगळ्यात आवडती जागा तीच.

गाडी आमची जुनी, छोटी, पांढरी. मागच्या सीटवर टॉवेलचे गठ्ठे वाहून वाहून तिला कोऱ्या सुताचा वास लागला होता. अप्पा ती जिवापाड जपायचे. महेशदादा माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, त्याचा सगळा जीव गाड्यांत. गाडीला मोठ्या आवाजाचा सायलेन्सर लावायचा असं त्याच्या फार मनात होतं, पण अप्पांसमोर तो विषय काढायची त्याची छाती नव्हती. आणि एका दुपारी अप्पाच पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी लांबडं घेऊन आले, अंगणात ठेवलं, पोतं उलगडलं. आत सायलेन्सर. भंगार बाजारातून आणलेला, कुणाच्यातरी शौकाच्या गाडीचा, जाड पाइपाचा, भल्यामोठ्या तोंडाचा. आम्ही तिघं त्याच्याकडे आणि मग अप्पांकडे बघतच राहिलो. दादा तर असा उभा होता की जणू देवघरातला नंदी उठून चालायला लागला.

"हे कुणासाठी?" दादानं विचारलं.

"आपल्या गाडीला," अप्पा म्हणाले. "गाडीत जीव वाटंना. आवाज पायजे."

अव्वानं कपाळाला हात लावला. "ह्या वयात हे काय खूळ? पोराला बायको बघायची सोडून बापच उंडगा निघाला की!" अप्पांनी पोतं घडी घालून बाजूला ठेवलं. दादाला मागून कळलं की अप्पा आधी गॅरेजवाल्याकडे जाऊन आले होते. तो हसून म्हणाला होता, हे पोरासोरांचं काम हाय, तुमाला शोभत न्हाय, पोलीस धरतील. म्हणून मग घरीच बसवायचा असं त्यांनी ठरवलं होतं. मला आतून फार विचित्र वाटलं होतं, खरं सांगायचं तर थोडी लाजही वाटली. माझ्या मैत्रिणींचे वडील चष्मा बदलत होते, माझे वडील सायलेन्सर.

आता माझा भाचा मोबाईलवर व्हिडिओ बघून गाडीचं काहीही उघडतो. तेव्हा तसलं काही नव्हतं. दादानं मित्राच्या गॅरेजात उभं राहून जेवढं पाहिलं होतं, तेवढ्याच भांडवलावर काम सुरू झालं. दिवस निवडला मागांच्या सुट्टीचा. त्या दिवशी पेठेतले सगळेच माग बंद असायचे आणि सगळा भाग असा गप्प व्हायचा की पलीकडच्या गल्लीतलं नळाचं पाणी पडताना ऐकू यायचं. अव्वाने सकाळीच गव्हाची हुग्गी शिजत टाकली होती. गूळ आणि वेलदोड्याचा वास अंगणात आला होता, त्यात रॉकेलचा वास मिसळला, कारण जुन्या सायलेन्सरचे नट गंजून पाइपाशी एकजीव झाले होते आणि दादा त्यांच्यावर रॉकेल ओतून ओतून वाट बघत होता. गाडीचं मागचं एक अंग जॅकवर उचललेलं. "जॅकवर भरवसा न्हाय," असं म्हणून दादानं मागाचा एक जुना लाकडी ठोकळा खाली सरकवून ठेवला होता. अप्पा धोतर खोचून उकिडवे बसले होते. पान्हा द्यायचे, नट पुसून वाटीत ठेवायचे. त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेली घाई होती, यात्रेला निघालेल्या माणसाची असते तशी.

जुना सायलेन्सर निघायलाच दुपार झाली. नवा धरून बघितला तर त्याचा डबा मोठा, खाली लोंबणारा, आणि त्याला जोडायचा क्लॅम्प जुन्या मापाचा. दादा सायकल काढून क्लॅम्प आणायला गेला. जाताना म्हणाला, "मी येईस्तोवर कुणी काय करू नका." पण अप्पांना धीर निघेना. सायलेन्सर गाडीच्या पोटाला रबराच्या कड्यांनी टांगलेला असतो. ती कडी साबणाच्या पाण्यात बुडवून हुकात सरकवायची होती. अप्पांचे खांदे रुंद, खाली शिरेनात. मी काडीसारखी. मी म्हटलं, कडी मी बसवते. पोतं अंथरून पाठीवर पडून खाली सरकले. मधे एकदा मी साबणाचं पाणी घ्यायला पलीकडच्या बाजूने बाहेर आले, पुन्हा खाली गेले.

खालून जग फार वेगळं दिसतं. डोळ्यांसमोर चिखल वाळलेलं पत्र्याचं छत, बाजूला उजेडाची एक पट्टी, आणि त्या पट्टीत अप्पांचे पाय. कातडी चपला, टाचांना भेगा, करंगळीवरचं जुनं कुरूप. एक कडं बसलं. दुसरं काही केल्या हुकात जाईना. डबा एकाच रबरावर तिरका लोंबत होता, मी डाव्या हाताने त्याला खालून आधार दिला होता.

"बसलं का गं?" वरून अप्पांनी विचारलं.

"न्हाय अजून! थांबा जरा!"

"बरं," अप्पा म्हणाले.

आणि पायांच्या शेजारून एक हात आला. त्याने ठोकळा ओढून बाहेर काढला.

मला आधी काही कळलंच नाही. वाटलं, ठोकळा नीट लावत असतील. मग जॅकच्या दांड्याचा आवाज आला, करकर, करकर, आणि छत खाली यायला लागलं. तो जॅक आट्याआट्याने फिरवायचा असतो, त्यामुळे गाडी एकदम नाही पडली. हळूहळू येत राहिली. हे हळूहळू येणंच मला आजही झोपेत आठवतं. मी ओरडले, "अप्पा! अप्पा, मी हितं हाय!" करकर चालूच. "अप्पा, थांबवा!" पाय जागचे हलले नाहीत. डबा माझ्या हातावर टेकला, हात फरशीला टेकला, जाड पाइप छातीवर आला आणि श्वास अर्धाच राहिला. मी पाय झाडत होते. पण माझे पाय गाडीच्या मागच्या बाजूला, आणि अप्पांची नजर दांड्यावर. सगळी पेठ गप्प होती. मागांचा खडखडाट नाही, काही नाही. माझी किंकाळी शेजारच्या वाड्यांपर्यंत गेली असणार, आणि हातभर अंतरावर बसलेला माझा बाप दांडा फिरवत होता.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून अव्वा आली. चटणीसाठी शेंगा भाजून ती परात अंगणात पाखडायला आणत होती. तिनं माझे झाडणारे पाय पाहिले. तिच्या हातातली परात सुटली. शहाबादीवर पितळी परात पडली ती अप्पांच्या टाचेपासून वीतभर अंतरावर. झांज वाजावी तशी वाजली, मग कडेवर उभी राहून गरगरत, ठणठणत फिरत राहिली, दाणे चौफेर उधळले, काही माझ्या गालाला लागले. मी उजेडाच्या पट्टीतून अप्पांचे पाय बघत होते. ते दचकले नाहीत. टाच हलली नाही, बोट आखडलं नाही. कुत्रंसुद्धा उडून पळालं असतं अशा आवाजाला अप्पांचे पाय देवळाच्या पायरीसारखे जागच्या जागी होते.

त्या क्षणी, छातीवर पाइप असताना, मला कळलं. हाताच्या कळेपेक्षा ते कळणं मोठं होतं. माझे अप्पा ऐकत नव्हते असं नाही. त्यांना ऐकूच येत नव्हतं.

अव्वानं येऊन त्यांचा हात धरला. अप्पांनी वर पाहिलं, तिच्या चेहऱ्याकडे, तिच्या तोंडाकडे, मग ती दाखवत होती तिकडे. पुढचं मला तुकड्यातुकड्यांनीच आठवतं. दांडा उलटा फिरायला लागला, अप्पांच्या हातून दोनदा सटकला, छत वर गेलं, अव्वानं मला घोट्यांना धरून पोत्यासकट बाहेर ओढलं. डाव्या हाताची दोन बोटं वाकडी झाली होती, रक्त फारसं नव्हतं. अप्पा शेंगदाण्यांत बसले होते.

"मला वाटलं तू त्या बाजूनं भाईर आलीस," ते म्हणाले. "तू बसलं म्हणालीस की."

"मी ओरडत होते, अप्पा."

ते माझ्या ओठांकडे बघत होते. एवढी वर्षं मला वाटायचं ते माझ्या डोळ्यांकडे बघतात.

दादा क्लॅम्प घेऊन आला तो थेट रिक्षा आणायला पळाला. दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. माझा हात बांधता बांधता त्यांनी मान खाली ठेवूनच अप्पांना विचारलं, "मुलीचं वय काय?"

"बरं," अप्पा म्हणाले.

बाईंचे हात थांबले. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग उठून अप्पांच्या पाठीमागे गेल्या आणि म्हणाल्या, "काका, तुमचं नाव सांगता का?" अप्पा समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. बाईंनी पुन्हा विचारलं, मोठ्याने. मग दादाला खूण केली. दादानं त्याच जागी उभं राहून त्याच्या जाड आवाजात हाक मारली, "अप्पा." अप्पांनी चटकन वळून पाहिलं.

"मागावर काम करता का?" बाईंनी आता समोर येऊन सावकाश विचारलं. अप्पांनी मान हलवली. त्या आम्हाला म्हणाल्या, "मागांच्या आवाजानं आधी बारीक आवाज जातात. चिमण्या, शिट्ट्या, भांडी. बायकांचे आवाज, लहान मुलांचे. जाड आवाज बरेच दिवस टिकतात, म्हणून घरच्यांना कळत नाही."

अव्वा दाराशी उभी होती. तिचा चेहरा मी कधी विसरणार नाही. ती रडली नाही. कुणीतरी तिच्या अंगावर गार पाण्याची घागर ओतावी तशी तोंड उघडं ठेवून उभी होती. मग तिनं पाठीमागूनच, नेहमीच्या आवाजात, कन्नडमध्ये विचारलं, "केळस्तैतेन री?" ऐकू येतंय का? अप्पा दादाकडे बघत होते. त्यांनी वळून पाहिलं नाही.

बाहेरच्या बाकावर अप्पांनी सगळं सांगितलं. दादाच विचारत होता, कारण त्याचाच आवाज पोचत होता.

"गाडीचं इंजिन ऐकू येईना," ते म्हणाले. "कधी गिअर टाकायचा कळंना. वळसंगच्या पुढं गाडी बंद पडली आन मी चालूच हाय म्हणून बसलेलो. मागून शिव्या देत लोक आले तवा कळलं. म्हटलं, आवाज मोठा केला तर येईल ऐकू. मग कुणाला सांगायची गरज न्हाय."

"सांगितलं का न्हाय?"

"भैऱ्याशी कोण धंदा करतंय? आन घरात सांगितलं की माणसं बोलायची बंद होत्यात. मागच्या गल्लीतल्या म्हाताऱ्याचं बघितलंस न्हवं? त्याला कोण काय सांगत बी न्हाय, इचारत बी न्हाय. भांड्यागत बसलेला असतोय."

"आमचं कुणाकुणाचं ऐकू येत न्हाय?"

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं, अव्वाकडे पाहिलं. "ह्या दोघींचं. गिरिजा दहावीला होती तवा थोडं थोडं यायचं."

"आणि पेपर?" मी विचारलं. मी त्यांच्यासमोर जाऊन बसले, तोंड दिसेल असं. "मी रोज पेपर वाचते तो?"

"तुजं तोंड बघायचो," अप्पा म्हणाले. "काय काय कळायचं. न्हाय कळलं तरी बरं वाटायचं."

कॉलेजची सगळी वर्षं मी त्यांना रोज सकाळी जग वाचून दाखवत होते. निवडणुका, दुष्काळ, मॅचचे निकाल. हाताला प्लास्टर घालून मी त्या बाकावर बसले होते आणि त्यातलं काय काय पोचलं असेल याचा हिशेब माझ्या डोक्यात लागत नव्हता. लागणार तरी कसा.

घरी आल्यावर अव्वा बोलायची थांबली. अप्पांशीच नाही, कुणाशीच फारसं नाही. ताट पुढे सरकवायची, हाताने खूण करायची आणि आत जायची. सकाळी भाकऱ्यांच्या थापा ऐकू यायच्या, तक्रार ऐकू यायची नाही. माग चालू असूनही घर सुनं वाटायचं. मी एकदा तिला म्हटलं, त्यांनी मुद्दाम केलं का अव्वा? ती म्हणाली, "मी कुणाशी संसार केला गं इतके दिवस? भिंतीशी?" आणि चुलीकडे तोंड फिरवलं. ती रागावली होती की घाबरली होती, की आपण इतकी वर्षं चुकीच्या गोष्टीवर रागावत होतो याचा तिला धक्का बसला होता, मला तेव्हा समजलं नाही. आता माझ्या स्वतःच्या संसाराला बरीच वर्षं झाल्यावर वाटतं, तिन्ही असावं.

अर्धवट टांगलेला सायलेन्सर तसाच होता. दादा म्हणाला, काढून टाकतो, मला तो डोळ्यासमोर नको. पण अव्वानं त्या दिवसांत पहिल्यांदाच आपणहून तोंड उघडलं, "बसव. येऊ दे ऐकू." दादानं एकट्याने तो बसवला, या वेळी गाडीखाली ठोकळेच ठोकळे लावून. किल्ली फिरवली तेव्हा अख्खं अंगण हादरलं. शेडमधले कामगार माग सोडून बाहेर आले, समोरच्या घरातलं तान्हं मूल रडायला लागलं. आम्ही कानावर हात ठेवले. अप्पा ओट्यावरून उठले, गाडीजवळ गेले, थोडं वाकले, आणि त्यांचा चेहरा उजळला. "आला!" ते म्हणाले, लहान मुलासारखे. "आला की आवाज!"

पुढच्या गुरुवारी आम्ही चौघं अक्कलकोटला निघालो. गठ्ठे डिकीत, पुढे अप्पा आणि दादा, मागे मी आणि अव्वा. दादानं आधी बराच विरोध केला, पण अप्पा म्हणाले, आता ऐकू येतंय. खरंच त्या दिवशी ते छान चालवत होते. इंजिन चढलं की गिअर, उतरलं की गिअर, मान डोलावत, जणू भजनाला बसलेत. आत आम्हाला मात्र एकमेकांचा शब्द ऐकू येत नव्हता. दादा काहीतरी सांगत होता, मी मान हलवत होते. कुंभारी मागे पडलं. दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती. आणि माझ्या खिडकीबाहेर एकाएकी अंधार झाला.

मालट्रक होता. ओव्हरटेक करायला बाजूला आलेला, इतक्या जवळ की त्याच्या चाकाचे नट मला दिसले. समोरून बस येत होती. ट्रकला पुढे जाता येईना, तो आमच्यावर दाबत आला. अप्पांच्या बाजूचा आरसा कट्कन उडाला. दादानं स्टिअरिंगवर झडप घातली, गाडी खाली उतरली, मुरुमावरून घसरत एका बाभळीच्या अलीकडे थांबली. ट्रक निघून गेला. अप्पांनी किल्ली बंद केली.

एवढी शांतता मी त्याआधी आणि त्यानंतर कधी अनुभवली नाही. माझ्या कानात सुंऽऽ वाजत होतं. ज्वारीची पानं हलताना दिसत होती, त्यांची सळसळ बऱ्याच वेळाने ऐकू यायला लागली.

"हॉर्न वाजवत होता का त्यो?" अप्पांनी विचारलं.

"वाजवतच असंल," दादा म्हणाला. "आमाला बी न्हाय आला ऐकू, अप्पा. कुणालाच न्हाय."

अप्पांनी किल्ली काढली आणि दादाच्या हातात दिली. मग मागे वळून माझ्या प्लास्टरकडे पाहत म्हणाले, "हात बरा झाला की तूबी शिक." बस, एवढंच. त्यानंतर ते कधी गाडीच्या त्या बाजूला बसले नाहीत. सायलेन्सर दादानं आठवड्याच्या आत उतरवला आणि जुना डबा सांधून परत लावला. पुढे अप्पांना कानाचं यंत्रही घेतलं; ते त्यांना कधी फारसं मानवलं नाही, खिशातच जास्त असायचं. माझी ती दोन बोटं आजही पुरती मिटत नाहीत, थंडीत दुखतात. पण हे सगळं नंतरचं.

त्या दिवशी अव्वा दार उघडून खाली उतरली. गाडीला वळसा घालून पुढे आली, अप्पांच्या दारापाशी उभी राहिली. अप्पाही उतरले. बाभळीच्या विरळ सावलीत दोघं समोरासमोर उभे होते, आणि मला वाटलं आता ती तोंड सोडणार, दवाखान्यापासूनचं सगळं साचलेलं बाहेर येणार. पण बोलले ते अप्पाच.

"इतकी वर्सं," ते म्हणाले, "काय बोलायचीस गं तू मला?"

अव्वा सावकाश, एकेक शब्द वेगळा करून, मोठं तोंड उघडून बोलायला लागली. "काय बोलणार? भाकरी गरम हाय, आत्ताच खावा. पोरीला ताप आलाय, हात लावून बघा. मीठ बरोबर हाय का. एवढंच की. दुसरं काय असतंय बोलायला?"

अप्पा तिच्या ओठांवरची नजर न हलवता ऐकत होते. "मीठ बरोबर असतंय," ते म्हणाले.

अव्वाला हुंदका आला. तिनं पदर तोंडाला लावला, आणि एकदम काहीतरी आठवल्यासारखा झटकन खाली घेतला. त्यांना तोंड दिसायला हवं होतं.